न उघडणारा तारा

सूनबाईंचं पहिलं जाहीर व्याख्यान न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात काय असतं यावर होतं, आणि ते पोट त्यांच्या सासऱ्यांनी लाकडात घडवलं होतं. सासरे नावाजलेले सुतार. कलिंगडाएवढा गोळा, मधोमध उघडणारा. बाहेर पातळ, टणक कवच आणि आत बेअरिंगवर मोकळा फिरणारा जड गाभा, कारण ताऱ्याच्या आतलं द्रव्य कवचापेक्षा वेगळं फिरतं म्हणे. गाभ्याच्या अगदी मध्याला मात्र काहीच कोरायचं नव्हतं.

"तिथं काय आहे ते अजून कुणालाच ठाऊक नाही, बाबा."

"सूर्यापेक्षा जड ऐवज एका शहराएवढ्या जागेत कोंबलाय, हे घरबसल्या कळतं ना तुला? मग झालं तर," सासरे म्हणाले. सुनेचं त्यांना भारी कौतुक.

आता सुतारांची एक रीत होती. काम हातावेगळं करण्यापूर्वी ते बंद करून पॉलिशचा शेवटचा हात मारायचा. त्या दिवशी सकाळी तो जरा सढळच पडला, सांध्यात पॉलिश सुकून बसलं आणि भर व्याख्यानात गोळा उघडेना. सूनबाईंनी ओढून पाहिला, तिच्या संस्थेच्या संचालकांनी गुडघ्यांत धरून पिळला. पहिल्या रांगेत सासऱ्यांना घाम फुटला. पोरीच्या पहिल्याच व्याख्यानाचं आपण मातेरं केलं, आता तोंड कुठे लपवावं ते त्यांना कळेना.

"पटाशी आणू का गं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"राहू द्या, बाबा." सूनबाईंनी गोळा फिरत्या पाटावर ठेवला. "तारा आम्हालाही कुणी उघडून देत नाही," त्या लोकांना म्हणाल्या. त्यांनी गोळा गरगर फिरवला, हाताने क्षणभर थांबवला आणि सोडला. गोळा आपणहून पुन्हा फिरू लागला. "कवच थांबलं, पण आत काहीतरी फिरतंच आहे. खरा ताराही मंदावता मंदावता मध्येच असा वेग घेतो. त्यावरून आम्ही आतलं ताडतो."

सभागृह थक्क झालं. गाभा स्वतःच्या हाताने बसवलेला, तरी सासऱ्यांच्या अंगावर काटा आला. जन्मभर ते वस्तू उघडून बिघाड शोधत आले होते, आणि ही मुलगी आभाळातली वस्तू न उघडता ओळखत होती. त्यांना डोळे पुसावे लागले.

व्याख्यान संपताच संचालक लगबगीने त्यांच्याकडे आले. सासऱ्यांनी बोलणी खायची तयारी ठेवली.

"काय डोकं लढवलंत हो! शाळांसाठी असेच पाच गोळे करून द्या. पण न उघडणारेच हवेत."

"बघतो," सासरे ओशाळून म्हणाले, "पण हमी देत नाही. नीट करायला गेलो तर उघडतील."