झुंबरबाईंचा पक्षी

"अनिता, तुझ्या सासूचा पक्षी तू कवा बघितला का गं?" चहाची बशी खाली ठेवत सर्जेरावांनी सुनेला विचारलं.

"मी कुठनं बघणार, मामा? सकाळची मी चुलीपुढं. त्या हाका तर तुमालाच मारायच्या."

खरं होतं ते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास भुईमूग निघाला की राहू गावातल्या त्यांच्या रानात एक परमुलखातला पक्षी उतरायचा. मातीत राहिलेल्या शेंगांचा सरवा गावातल्या बायका वेचून न्यायच्या, पण बांधाकडच्या चार ओळींना झुंबरबाई कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या पाहुण्याच्या. तो उतरला की त्या नवऱ्याला हाक मारायच्या, आणि सर्जेराव कधी विहिरीवरच्या मोटारीत, कधी सोसायटीच्या निवडणुकीत गुंतलेले असायचे. "पुढच्या साली बघू," म्हणायचे. अशी एकतीस वर्षं गेली आणि या श्रावणात झुंबरबाईच गेल्या. घर खायला उठत होतं. तो पक्षी एकदा तरी डोळ्यांनी बघायचा, याखेरीज सर्जेरावांना दुसरं काही सुचेना.

यंदा भुईमूग निघाल्यावर आठ दिवस ते बांधावर बसून राहिले. बगळे आले, साळुंक्या आल्या, शेजाऱ्याची शेळीही चरून गेली. शेवटी नदीकाठी दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्या पुण्याच्या एका मुलीला त्यांनी गाठलं. तिचं नाव स्वप्नाली.

"उंच हाय, राखी रंगाचा. डोक्यावर तांबडा डाग," बायकोकडून ऐकलेलं त्यांनी सांगून टाकलं.

स्वप्नाली जागीच थबकली. "आबा, हा क्रौंच असणार. आपल्याकडे फार क्वचित येतो. तुम्ही स्वतः पाहिलात?"

नाही म्हणावं तर पोरगी निघून जाईल. "व्हय," सर्जेराव म्हणाले. "परवाच."

दुसऱ्या दिवशी उजाडायला बांधावर पक्षी बघणाऱ्यांच्या अकरा गाड्या उभ्या. पाठोपाठ सरपंच पोपटराव शाल, नारळ आणि माईक घेऊन हजर. गावात पाहुणे यावेत आणि बिनसत्काराचे परत जावेत, हे त्यांच्या कारकिर्दीत घडलेलं नव्हतं.

"माईक नको हो," स्वप्नाली काकुळतीला आली. "आवाज झाला तर तो उतरणारच नाही."

पोपटरावांचं तोंड एवढंसं झालं. पण त्यांनी एकदा मनावर घेतलं की घेतलं. आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी बंद झाल्या, गिरणी बंद झाली, कोंबडे डालग्याखाली गेले. सगळी माणसं उसाच्या आडोशाला बसवली गेली. सत्कार तेवढा झाला, पण मुका. शाल दिली, नारळ दिला, लोकांनी तळव्याला तळवा न लावता टाळ्या वाजवल्या आणि सरपंचांनी सात मिनिटांचं भाषण नुसते ओठ हलवून पूर्ण केलं.

आपल्या एका खोट्यापायी सबंध गाव गप्प बसलेलं पाहून सर्जेरावांना राहवेना.

"पोरी, एक सांगायचं ऱ्हायलं," ते कुजबुजले.

तिनं त्यांचं कोपर घट्ट धरलं. "आबा, आला. बांधाजवळ बघा."

एकतीस वर्षांत काही चांगलं घडलं, बोअरला पाणी लागलं, नातू झाला, की सर्जेरावांनी आधी घराकडे तोंड करून हाक मारली होती. आजही तेच झालं. ते ताडकन उठले, वस्तीवरच्या घराकडे वळले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "अगं ए, आला गं तुझा! ये लवकर!"

दारात अनिता पदराला हात पुसत बाहेर आली. एकटीच. मागं पंखांचा मोठा फडफडाट झाला. सर्जेराव वळले तेव्हा रान रिकामं होतं.

पोपटराव टोपी काढून उभे राहिले. स्वप्नालीनं वही उघडली.

"क्रौंचच होता, आबा. आम्ही सगळ्यांनी पाहिला. इथं पहिल्यांदा पाहणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. तुमचं लिहू ना?"

"झुंबरबाई लिव्ह."

"आणि खाली तुमचं?"

"नगं. म्या न्हाई बघितला," सर्जेराव म्हणाले. "परवाबी न्हाई, आन् आजबी न्हाई."