उलटे चालणारे साहेबराव मामा

आमचे साहेबराव मामा उलटे चालतात. गंमत म्हणून नाही, धंद्यामुळे. वेरूळच्या लेण्यांत ते तीस वर्षं गाईड होते. लेण्याकडे पाठ, पाहुण्यांकडे तोंड आणि हातात बॅटरी, अशी त्यांची सगळी नोकरी पार पडली. एवढ्या वर्षांत एकदाही ठेचकाळले नाहीत. कुणी काळजीने विचारलं तर म्हणायचे, "माझ्या टाचंला डोळे हायेत."

काम सुटलं तरी चाल सुटली नाही. गुलमंडीच्या बाजारात भर गर्दीतही मामा आमच्यापुढे उलटेच चालायचे. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा आईने घर दाखवायचं काम आपल्या या थोरल्या भावावर सोपवलं, ही तिची चूक. दारातच मामा म्हणाले, "डोकं सांभाळा." मधल्या खोलीत म्हणाले, "इकडं ध्यान द्या, ही खोली नंतरच्या काळातली." स्वयंपाकघरातल्या बिनप्लास्टरच्या भिंतीवर बॅटरी मारून गंभीरपणे म्हणाले, "हे काम अर्धवट राहिलेलं हाये. कारागीर का निघून गेले, कुनाला ठाऊक नाय." आई रडकुंडीला आली. लग्न जमलं, हे माझं नशीब. सासूबाई मात्र अजूनही आमच्या माहेरच्या दारात मान वाकवूनच शिरतात.

मामांना जन्मात एकच हौस होती, टोकियो बघायची. जपानी पाहुणे वेरूळला मोठ्या श्रद्धेने येतात. त्यांच्यासाठी मामा वर्गाला बसून जपानी शिकले होते. निरोप घेताना प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "आमच्या टोकियोला या, मी दाखवीन." मामा कमरेत वाकून हो म्हणायचे आणि बस वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभे राहायचे. मग शहरात छावणी भागातल्या घरी येऊन एकटेच जेवायचे. लग्न त्यांनी केलं नाही. पाहुण्यांची कार्डं बिस्किटाच्या डब्यात नीट ठेवलेली होती, पण पत्र कुणालाच लिहिलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "लोकं रीतीनं बोलतात गं. आपुन कशाला खरं धरायचं?"

शेवटी गेल्या वर्षी मीच त्यांना घेऊन गेले. पहिल्या दिवशी मामा पहाटेच तयार होऊन पलंगावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कोट, खिशात बॅटरी. आम्ही आधी एका जुन्या बुद्धमंदिराकडे निघालो. त्याचा लाल दरवाजा एवढा उंच की खालून एसटी सहज निघून जावी. तो दिसला मात्र, मामांनी गर्रकन पाठ फिरवली. "इकडं ध्यान द्या."

ऐकायला मी एकटीच होते. पण चार जपानी आज्या थांबल्या आणि मामांनी भाषा बदलली. तिथलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून वेरूळचंच पाठ असलेलं सांगू लागले. आज्या आदराने माना डोलावत होत्या. मला हसू आवरत नव्हतं. मी फोनवर व्हिडिओ काढत होते. तेवढ्यात मागे सरकताना मामांची टाच दरवाजापुढच्या पायरीला अडली आणि ते पाठीवर पडले.

फार लागलं नाही. आज्यांनी त्यांना उठवून पायरीवर बसवलं, पाणी दिलं, वाकून नमस्कार केला आणि त्या गेल्या. मामा कोपर चोळत राहिले.

"इथं टाचंला काय दिसंना, रेखे."

मी हसले. ते हसले नाहीत.

"तीस वर्षं लोकांनी लेणं बघितलं, म्या लोकांची तोंडं बघितली. लई चांगली तोंडं होती. पर मला कुनी काय दाखवलंच नाय. इथं आल्यावर वाटलं होतं... अन् आता इथंबी पाठ करूनच चाललो बघ."

मला माझी लाज वाटली. व्हिसा, विमान, हॉटेल, सगळं मी केलं होतं. त्यांच्या पुढे चालायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

मी त्यांच्या खिशातली बॅटरी काढून घेतली. पायरी चढून पुढे झाले, तोंड त्यांच्याकडे केलं आणि भर उन्हात लाल खांबावर उजेड मारला.

"इकडं ध्यान द्या, मामा."

फोनवर वाचून सांगत, पायाने जमीन चाचपडत मी उलटी चालू लागले. माझ्या टाचेला डोळे नाहीत. दोनदा लोकांना धडकले. मामा उठले. हात मागे बांधून, वर बघत, माझ्यामागून सरळ चालत आले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, पुसताना काही बघायचं राहिलं असतं.

दरवाजाखाली पोचलो आणि फोनवरचा मजकूर संपला. पुढे काय सांगावं ते मला सुचेना.

"डोकं सांभाळा," मी म्हणाले.

आणि एसटी जाईल एवढ्या त्या दरवाजाखाली मामांनी गुमान मान वाकवली.