इल्झेबाई लाटवियाकरीण हिचे पाहुणपण सुटले त्याची हकीकत

श्रीअंबादेवी प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, अमरावती शहरी साईनगरात जे थोर वर्तमान घडले, ते पुढील पिढ्यांस ठाऊक असावे, कोणी पदरचे घालू नये आणि कोणी गाळूही नये, म्हणोन यथास्थित लिहून ठेविले आहे.

उत्तरेस बाल्टिक समुद्राचे काठी लाटविया म्हणोन मुलूख आहे. तेथील सेसिस कसब्याची इल्झेबाई, वय वर्षे बावीस, उंचीने चौकटीस डोके लागेल ऐसी, मातीचे विद्येत निपुण. काळ्या जमिनीस भेगा का पडतात याचा शोध करावा म्हणोन ती भाद्रपद मासी सहा महिन्यांकरिता अमरावतीच्या विद्यापीठात दाखल जाहली आणि तिचा मुक्काम साईनगरी भगवंतरावांचे घरी नेमला गेला. भगवंतराव पाटबंधारे खात्यातील मातबर कारकून, परंतु घराचा तमाम कारभार त्यांचे कुटुंब मनकर्णाबाई यांचे हाती. एक कन्या करिश्मा, ती कॉलेजात दुसरे वर्षास. इल्झेबाई वर्षभर इंटरनेटवर पुण्याच्या शिक्षिकेकडून मराठी शिकून आली होती, तेणेकरून ती "मला आपली मदत करावयाची आहे" ऐसे बोले आणि ऐकणारे चकित होत.

पहिले दिवशीच शेजारच्या पार्वताबाई पाहावयास आल्या आणि म्हणाल्या, "लाटवियाची हाय म्हन्ते, म्हन्जे लाटत असन चांगली." हे ऐकोन इल्झेबाई आनंदाने उठली आणि पोळपाटाकडे चालोन गेली. तो मनकर्णाबाई स्वतः दारात आडव्या जाहल्या आणि फर्मान सुटले की, "तुमी बसा. आमच्या घरी पावन्याचा हात कामाले लागत नाई."

तेथून मोहिमेस तोंड लागले.

इल्झेबाईने जेवण होताच स्वतःचे ताट उचलिले आणि मोरीचे रोखे दौड केली, परंतु मनकर्णाबाईंनी मधल्या खोलीतच गाठोन ताट हिसकोन घेतले. दुसरे दिवशी अंगण झाडावे या मसलतीने पहाटे पाचास उठली, तो मनकर्णाबाई साडेचारास उठोन सडा घालोन मोकळ्या. मग साडेचारास उठली, तो त्या चारास. मग भाजी निवडावयास बसली, तो पुढ्यातील मेथीची जुडी उचलली गेली आणि त्या जागी तुपाने थबथबलेला शिरा आला. जितका हल्ला जोराचा, तितके तूप जास्त. येणेप्रमाणे तीन महिने लोटले, आणि इल्झेबाईचे वजन चार किलोंनी वाढले, परंतु मोरीचा एक नळही हाती आला नाही.

आता अंतरीचे वर्तमान लिहिणे प्राप्त आहे. नित्य सकाळी पलीकडचे खोलीत करिश्मास बोलणी बसत. "करिश्मे, उठतं का नाई व? टावेल कोन उचलन, तुवा बाप?" ऐसी तोफ डागली जाई, आणि मग करिश्मा उलट उत्तर करी, आणि मग दोघी हसत. इल्झेबाई आपले खोलीत गादीवर पडोन हे ऐके आणि बहुत दिलगीर होई. तिचे टॉवेलाची घडी कोणी न बोलता करून ठेवी. तिला "तुमी" म्हणत, आणि ती आली की भगवंतराव बनियनवर सदरा चढवीत. सहा हजार किलोमीटर दूर येऊन आपण रोज कोणाचे घरी चहास आलो आहो, ऐसे तिला वाटे.

अखेर मार्गशीर्षात विद्यापीठातून खबर आली की वसतिगृहात एक खोली रिकामी आहे, अर्ज सोमवारी रुजू करावा. इल्झेबाईने अर्ज भरला आणि जड जिवाने स्वयंपाकघराचे दारात उभी राहिली.

"मावशी, मी वसतिगृहात राहावयास जाते."

मनकर्णाबाईंचे हातचा चमचा तेथेच थांबला. "कावून? आमचं काई कमी पडलं काय?"

"नाही मावशी. जास्त झालं."

या उत्तराचा अर्थ मनकर्णाबाईंस उमगला नाही. त्यांनी कढईकडे पाहात एवढेच सांगितले की, "बरं. रविवारी माह्या भावाच्या वावरात रोडग्याचं जेवन हाय, ते जेवून जा. उपाशी गेल्यासारकं नोका जाऊ." आणि पदराने डोळे टिपले आणि कांद्याचे नाव पुढे केले, परंतु त्या दिवशी भाजी दोडक्याची होती.

मार्गशीर्ष वद्य दशमी, रविवार. मनकर्णाबाईंचे बंधू डोमाजी, यांचे वावर अकोल्याकडे मूर्तिजापुरानजीक. तेथे साठ माणसांची पंगत योजिली होती. रोडगा म्हणजे जाड कणकेचा गोळा, मुठीएवढा, गोवऱ्यांचे निखाऱ्यात पुरोन भाजावा आणि वांग्याचे भाजीशी खावा. इल्झेबाईकरिता निंबाखाली तमाम वावरातील एकुलती प्लास्टिकची खुर्ची मांडोन तीवर नवा टॉवेल पसरला होता. ती तेथे बसली, आणि बाकी सारी माणसे जमिनीवर, आणि तिला जमीन गिळील तर बरे ऐसे जाहले.

इतक्यात डोमाजी फोन हातात घेऊन धावत आले की कणीक मळावयास येणाऱ्या दोघी जावा बारशास गेल्या त्या परतत नाहीत. पुढ्यात वीस किलो कणीक, आणि मनकर्णाबाई एकट्या. करिश्मा आणि बाकीच्या बायका वांगी चिरण्यात गुंतलेल्या. मनकर्णाबाईंनी पदर खोचला आणि परातीत मुठी घातल्या, परंतु ती कणीक दगडासारखी घट्ट, आणि दहा मिनिटांत त्यांस दम लागला.

तेव्हा इल्झेबाई खुर्चीवरून उठली. तिने हात धुतले, बाह्या सारल्या, मांडी घालोन समोर बसली आणि परवानगी न मागता दुसरी परात ओढोन घेतली. सेसिसात तिचे बापाची पावाची भट्टी. राय म्हणोन काळसर धान्य, त्याची चिवट कणीक ती दहावे वर्षापासून मळीत आलेली. तिने मुठी ऐशा चालविल्या की परात जमिनीवर नाचू लागली. मनकर्णाबाई "राहू द्या, राहू द्या" म्हणावयास तोंड उघडीत होत्या, परंतु श्वास नव्हता, तेणेकरून तो हुकूम सुटलाच नाही. तासाभरात वीस किलो फत्ते जाहली आणि बायकांनी गोळे वळिले.

विजयाचे भरात सेनापतींची चूक होते, तैसी येथेही जाहली. गोवऱ्या अद्याप धडधडा पेटलेल्या. आर, म्हणजे निखारे, होऊ द्यावे, मग रोडगे पुरावे, हा कायदा इल्झेबाईस कोणी सांगितला नव्हता. तिने टोपले उचलिले आणि अठरा रोडगे थेट ज्वाळांत लोटले. धूर उठला, आणि मनकर्णाबाई उलथने घेऊन धावल्या.

"अवं ए! डोये फुटले काय व तुये? आंदी आर तं पडू दे! सारे रोडगे जयून राह्यले ना, येडी कोनची!"

भगवंतराव खाली पाहू लागले. मनकर्णाबाईंचे हातून उलथने पडले. "नाई, म्हन्जे तुमी... तुमाले नाई बोलली मी..."

इल्झेबाईचे नाकास काजळी, केसांत राख. ती प्रथम हसली, आणि मग हसता हसता रडू लागली, आणि कोणास काही समजेना.

"मावशी, परत नका बदलू. 'तू'च म्हणा. मला रागवा. माझी आई अशीच ओरडते."

"म्हनून चालली होती तू होस्टेलले?"

"हो. तिकडे निदान माझं ताट मी धुतलं असतं."

मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवोन ओरडल्या, "मंग आंदीच सांगाचं ना व बाई! मले काय हौस होती चार वाजता उठाची? तीन मयने तुह्यासाठी उठून राह्यली मी, माही कंबर गेली!" आणि करिश्मास हसे आवरेना, आणि भगवंतरावांनी त्याच जागी सदरा काढोन निंबाचे फांदीवर टाकिला आणि बनियनवर मोकळे बसले.

इल्झेबाईचे पिशवीतील अर्ज करिश्माने काढोन फाडला. करपलेले अठरा रोडगे डोमाजींनी वरचे साल काढोन आपले पंगतीत वाढिले आणि कोणाची तक्रार आली नाही. इल्झेबाई जमिनीवर बसोन चार रोडगे जेवली, आणि मग मनकर्णाबाईंनी विहिरीकडे बोट केले की, "चाल, ऊठ. ताटं कोन घासन?"

तेणेप्रमाणे त्या दिवशी दोन प्रहरी, डोमाजींचे विहिरीवर, इल्झेबाई लाटवियाकरीण हिने साठ ताटे एकहाती घासली. पैकी पाच तेलकट राहिली म्हणोन मनकर्णाबाईंनी तपासोन परत पाठविली. ती तिने दुसऱ्यांदा घासली, आणि फत्ते जाहली. लेखनसीमा.