सहा तास, ट्रायल अलग

गिअरबॉक्स बदलायला किती वेळ लागतो, असं दारव्ह्याच्या सत्तारचाचांना विचारलं की उत्तर ठरलेलं. "सहा घंटे. अन् ट्रायल अलग."

सहा तासांबद्दल कोणाची तक्रार नाही. चाचा काढलेला एकेक पार्ट धुऊन पांढऱ्या चादरीवर मांडतात. चादर कोणी ओलांडली तर ओरडतात, "जेवणाच्या ताटावरून जाते का बे?" तक्रार आहे ती ट्रायलची. ब्रेकची ट्रायल चौकापर्यंत, क्लचची बाजारापर्यंत. गिअरबॉक्सची मात्र थेट दिग्रसला, पाऊण तासाच्या वाटेवर.

चाचांचा दुसरा नाद म्हणजे हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक यंत्राला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. गाडीचंच नाही, शेजाऱ्यांचे कूलर आणि मिक्सरही ते असेच ऐकतात. एकदा आठवडी बाजारात त्यांनी तो टरबुजाला लावला. विकणारी बाई म्हणाली, "काय म्हणते, चाचा?"

"कच्चं हाये म्हणते."

फोडलं, तर खरंच पांढरं निघालं.

माझे बा जीप चालवतात. आमच्या तांड्यावर एसटी येत नाही, त्यामुळे आम्ही चौघी त्याच जीपने दारव्ह्याला कॉलेजात जातो. आमच्या चौघींच्याही घरातून कॉलेजात जाणारं आधी कोणी नव्हतं. नेमका प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी जीपचा गिअरबॉक्स गेला. जीप नाही तर परीक्षा नाही, इतकं सरळ होतं ते. दिवसभर मी गॅरेजात वही उघडून बसले, पण एक ओळही डोक्यात शिरली नाही.

बरोबर सहा तासांनी चाचा हात पुसत म्हणाले, "झालं. चला दिग्रसले."

"चाचा, उद्या प्रॅक्टिकल आहे माझं. रस्त्यात पुन्हा काही झालं तर?"

"काहून घाबरून राह्यली, बेटा? भाईजाननं ऐकल्याबिगर मी गिअरबॉक्स पास नाही करत."

भाईजान म्हणजे त्यांचे दिग्रसला राहणारे थोरले भाऊ. चाचांना सगळं काम त्यांनीच शिकवलं. आता त्यांचं गॅरेज बंद आहे, पण ते रोज त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी नुसता हात पुढे केला. चाचांनी स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात ठेवला, शाळेत वही तपासायला द्यावी तसा.

बा चहा सांगायला गेले होते, म्हणून क्लच दाबायला मी स्टिअरिंगवर बसले. भाईजान दुसऱ्या दारातून आत वाकले. टोक गिअरच्या दांड्याच्या बुडाशी, मूठ कानाशी. मी इतकी घाबरले होते की माझं कोपर हॉर्नवर पडलं.

जीपचा हॉर्न केवढा मोठा! समोरची शेळी उडाली, पानवाल्याच्या हातातला चुना सांडला. भाईजानांची मात्र पापणीही हलली नाही.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"तीसरा गिअर थोडा गा रहा है, सत्तार," भाईजान म्हणाले.

"जी, भाईजान." चाचा पाना घेऊन लगेच गाडीखाली गेले. पाच मिनिटं पडून होते. पान्याचा आवाज एकदाही आला नाही. मग कपडे झटकत बाहेर आले. भाईजानांनी पुन्हा ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अब ठीक है. मेरे बिना तेरा एक काम नहीं होता."

"नहीं होता," चाचा मान हलवत म्हणाले.

परत येताना बा मागच्या सीटवर डुलकी घेत होते. मी हळूच विचारलं, "चाचा, त्यांना तर ऐकू येत नाही ना?"

"तीन साल झाले."

"मग?"

चाचांनी उगाचच गिअर बदलला. "त्याले वाटते, मले माहीत नाही. राहू दे ना तसंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघी वेळेवर निघालो. चढावर बांनी तिसरा टाकला आणि मान तिरकी करून ऐकलं. "आता तर काहीच आवाज नाही. चाचा सांगत होते तसा खरंच गात होता का गं?"

"थोडासा," मी म्हणाले. "भाईजानांनी बरोबर पकडला."