आधी कोण जेवणार?

डिस्कोने सोसायटीच्या सेक्रेटरीची, म्हणजे राजाराम तांब्यांची, नवीकोरी कोल्हापुरी चप्पल मन लावून खाल्ली आणि दत्ताराम परबाच्या घरावर संकट कोसळलं.

"रविवारी सकाळी येतो," एका पायात चप्पल घालून दारात उभे असलेले तांबे गरजले. "हाक मारल्यावर कुत्रं आलं आणि बस म्हटल्यावर बसलं, तर राहू दे. नाहीतर मानखुर्दला माझ्या मेव्हण्याची लाकडाची वखार आहे. त्याला राखणीला कुत्रं हवंच आहे. साखळीला बांधून ठेवील."

साखळी म्हटल्यावर दत्तारामने डिस्कोला पायाशी ओढून घेतलं. मुलुंडच्या गव्हाणपाड्यात गटाराच्या काठी कुंई कुंई करणारं ते पिल्लू त्यानेच शर्टात गुंडाळून आणलं होतं. त्या वर्षी ज्याला त्याला डिस्कोचं वेड होतं, म्हणून नावही तेच ठेवलं. कारखान्यातून दमून आलं की डिस्को त्याच्या बुटांवर लोळण घ्यायचा, आणि दिवसभर साहेबांच्या शिव्या खाल्लेल्या दत्तारामला आपणही कुणीतरी आहोत असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी त्याने ही कर्मकहाणी चंद्रप्रकाशच्या कानावर घातली. चंद्रप्रकाश त्याच्याच खात्यातला. त्याने आयुष्यात मांजरही पाळलं नव्हतं, पण त्याच्या मावसभावाकडे अल्सेशियन होता, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क त्याच्याकडे आपोआप आला होता.

"कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा रे!" तो चहाचा ग्लास आपटून म्हणाला. "टोळीत राजा एकच. राजा आधी जेवतो, शेवटी जेवतो तो नोकर. दारातून पहिला राजा बाहेर पडतो. आणि कुत्र्याने मस्ती केली की त्याला उताणा पाडायचा नि वरून दाबून धरायचा. घरातल्या सगळ्या माणसांनी आधी जेवा, मग त्याला घाला. रविवारपर्यंत सलाम ठोकेल यार!"

दत्ताराम घरी आला तो राजा होऊनच. "वनमाला, आजपासून आपण दोघं आधी जेवणार, डिस्को शेवटी!"

वनमाला भाकरी थापत होती. "मुक्या जनावराच्या आधी मी जेवूचंय नाय."

"अगं, पण शेवटी जेवतो तो नोकर असतो!"

"मी तर लग्न झाल्यापास्ना शेवटीच जेवतंय. तुमका आज कळला?"

दत्तारामने पाट ओढला. त्याने आपलं जेवण उरकलं, पण गाडी तिथेच अडली. वनमाला जेवल्याशिवाय डिस्कोला काही मिळणार नव्हतं, आणि डिस्कोला मिळाल्याशिवाय वनमाला जेवणार नव्हती. दोघंही उपाशी बसून त्याच्याकडे असे बघू लागले की त्याला ढेकर देण्याचीही चोरी झाली.

"वनमाला, त्याला साखळीला बांधतील गं," शेवटी तो काकुळतीला आला.

तिने एकदा डिस्कोकडे पाहिलं. "बरा. त्याच्यासाठी त्याच्या आधी जेवतंय. पण माका गरम भाकरी व्हयी. ती कोण भाजतलो? तुमचो चंद्रप्रकाश?"

झालं! राजाने आधी जेवायचं, म्हणून दत्ताराम रोज संध्याकाळी सकाळची गार भाकरी उभ्याउभ्या खायचा, मग राणीसाठी पीठ मळायचा. पहिली भाकरी तव्यापर्यंत पोचेतो तिचे तीन तुकडे झाले. दुसरी एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्ची. बोटं भाजली ती वेगळीच. वनमाला पाटावर ऐसपैस बसून मिळेल ती भाकरी जेवायची, आणि शेजारी येऊन डिस्को बसला की डब्यातला भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा त्याच्यापुढे धरायची.

"अगं, काय करतेस! जेवणाआधी देतेस त्याला?"

"ह्यां जेवण नाय. बस म्हटलंय, बसलो, म्हणून दिलंय."

"असे लाड करून कुत्रं सुधारत नसतं!" दत्ताराम म्हणाला. पण त्याच दिवशी त्याची भाकरी पहिल्यांदा टम्म फुगली. "झकास!" म्हणत वनमालाने एक तुकडा त्याच्याही तोंडात घातला, आणि भाजलेल्या बोटांचं दुःख तो साफ विसरला. दुसऱ्या दिवशी त्याने कुणी न सांगता पीठ चाळून घेतलं.

दारातून आधी बाहेर पडण्याचं शिक्षणही जोरात चालू होतं. दत्ताराम दाराकडे धावायचा. डिस्कोला वाटायचं, शर्यत आहे.

रविवार उजाडला. तांबे आले ते चपला हातात धरूनच. आपल्या शास्त्राचा विजय बघायला चंद्रप्रकाशही आला आणि टोळीत राजा एकच, हे त्याने तांब्यांनाही ऐकवलं.

"डिस्को, ये!" गॅलरीच्या दारात उभं राहून दत्ताराम गरजला. डिस्कोला शर्यतीची आठवण झाली. तो बाहेरून उसळला, दत्ताराम आतून सरसावला आणि दोघं उंबऱ्यात अडकले.

"उताणा पाड! वरून दाबून धर!" चंद्रप्रकाश ओरडला.

पुढच्या क्षणी उंबऱ्यात एकजण खरोखरच उताणा पडला होता आणि दुसऱ्याने त्याला वरून दाबून धरलं होतं. खाली दत्ताराम होता. डिस्को त्याच्या छातीवर उभा राहून त्याचं तोंड चाटत होता.

"यातला राजा कोण?" तांब्यांनी विचारलं. "राहू दे, परब. मी मानखुर्दला निरोप धाडतो."

"नको हो, तांबेसाहेब!" दत्ताराम जमिनीवरूनच कळवळला. "साखळीत झुरून मरेल तो!"

तेवढ्यात पदराला हात पुसत वनमाला बाहेर आली. "डिस्को, ये," ती हळूच म्हणाली. डिस्को छातीवरून उतरला. "बस." तो बसला.

तांब्यांचं समाधान होईना. त्यांनी आपली चप्पल सरळ त्याच्या नाकापुढे ठेवली. दत्तारामने डोळे गच्च मिटले. डिस्कोने चपलेकडे पाहिलं, वनमालाकडे पाहिलं, लाळ गाळली, पण जागचा हलला नाही. वनमालाने त्याला बांगडा दिला.

"केलंत काय हो वहिनी?" तांब्यांनी विचारलं.

"कायच नाय. ऐकला की देतंय, नाय ऐकला की नाय देत."

"बस, एवढंच?" तांब्यांनी चप्पल उचलून पायात घातली. "राहू दे कुत्रं."

मूळचा लांडगाच तो, असं काहीतरी पुटपुटत चंद्रप्रकाश जिना उतरला. दत्तारामने डिस्कोला कवेत घेऊन घरभर नाचवलं. डोळे पुसले, पुन्हा नाचवलं. दमल्यावर पाटावर येऊन बसला. "चला, ते शास्त्र संपलं! आता सगळं पहिल्यासारखं. वाढ मला आधी!"

वनमाला वाद घालत बसली नाही. "वाढतंय," ती म्हणाली. "पण परवा तुमची भाकरी फुगली होती ना? माझ्या आयेक पण तशी कधी जमली नाय."

"खरंच?"

"देवाशपथ."

दत्ताराम उठला, परात ओढली आणि पीठ मळायला बसला. थोड्याच वेळात तव्यावर भाकरी टम्म फुगली. वनमालाने डब्याचं झाकण काढलं, तसं डिस्कोने आणि दत्तारामने एकदमच वर पाहिलं. तिने बांगड्याचा एक तुकडा डिस्कोला दिला, एक नवऱ्याला भरवला, आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसली.