हिडिंबेची समाप्ती

आपली कादंबरी कुणीतरी शेवटच्या पानापर्यंत वाचली, ही बातमी प्राध्यापक हितेंद्रराव देवऱ्यांना सासऱ्यांच्या फोनवरून कळली. ते इतके हरखले, की सासरे चिडलेले आहेत हे ध्यानात यायला त्यांना जरा वेळच लागला.

"जवाईबापू, तो भीम परत येस का नही, तेवढं सांगी टाका," कौतिकआबा म्हणाले. "बाकी माले काही नको."

"आबा, तुम्ही वाचलीत?"

"मी कसाले वाचू? बाया वाचतस. पन च्या मना बंद शे."

कादंबरी आणि चहा यांचा संबंध हितेंद्ररावांना लागेना. त्यांनी फोन भूमिकाच्या, म्हणजे बायकोच्या, हातात दिला. लेकीने पाच मिनिटांत बापाकडून सगळं काढून घेतलं, आणि ते ऐकून हितेंद्रराव देवपुरातल्या आपल्या घरात सोफ्याच्या कडेवर टेकले.

दोन वर्षांपूर्वी त्यांची 'हिडिंबा : एक अरण्यमंथन, भाग पहिला' निघाली होती. महाभारतातल्या चांगल्याचुंगल्या बायका आधीच्या लेखकांनी उचललेल्या, त्यामुळे यांच्या वाट्याला राक्षसीण आली. कॉलेजात प्रती वाटल्या, लोकांनी मुखपृष्ठाची स्तुती केली. एक प्रत चोपड्याजवळच्या सासुरवाडीला गेली. जावयाचं पुस्तक म्हणून सासूबाईंनी, लताबाईंनी, ते लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात पोथ्यांच्या शेजारी ठेवलं. इतका मान त्या पुस्तकाला दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता.

यंदा धोंड्याचा महिना आला. गल्लीतल्या वीस-बावीस बायका पोथी ऐकायला लताबाईंच्या ओसरीवर जमल्या. समाप्ती होईपर्यंत सगळ्यांनी मिळून चहा सोडला. लताबाईंनी चष्मा न लावता देव्हाऱ्यातलं लाल गाठोडं उचलून चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. गल्लीत पोथी वाचायचा मान भिकुआक्कांचा. सत्तरीच्या, चौथी शिकलेल्या आणि आवाजाच्या खणखणीत. त्यांनी गाठ सोडली, तर आत हिडिंबा.

"महाभारतनीच शे ना?" त्या म्हणाल्या. "मंग झालं. चौरंगवर बसनी, आते तिले उठाडता येवाव नही."

आणि पोथी अशी रंगली, की केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायासुद्धा चारच्या आत घरी येऊ लागल्या. तीन आठवड्यांनी शेवटचं पान आलं. बाळंतीण हिडिंबेला सोडून भीम आईच्या मागे निघून गेला आणि खाली छापलेलं होतं, 'भाग दुसरा लवकरच'. झालं. पोथी अर्धी, म्हणून समाप्ती नाही. समाप्ती नाही, म्हणून चहा नाही. ज्या बाईने चहा सोडला तिच्या घरात चहाचं पातेलं चढेना, आणि गल्लीतले झाडून सगळे पुरुष सकाळ-संध्याकाळ मोटारसायकल काढून चोपड्याच्या स्टँडवर चहा प्यायला जाऊ लागले.

"शनिवारी तुम्हाला धोंड्याचं जेवण आहे," भूमिका म्हणाली. "अनारशाचं वाण समाप्ती झाल्यावरच द्यायचं, असं बायकांनी ठरवलंय. जावई पोथी अर्धी सोडतो म्हणून आईला गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तेव्हा दुसरा भाग घेऊन चला."

"दुसरा भाग कुठंय पण?"

"म्हणजे? दोन वर्षं दार लावून बसता ते काय करता?"

याचं उत्तर फारच केविलवाणं होतं. दोन वर्षांत अकरा पानं झाली होती आणि त्या अकराही पानांत हिडिंबा एका झाडाखाली बसून विचार करत होती. हितेंद्ररावांनी तीन दिवस तिला उठवायची खटपट केली, पण ती काही उठेना. त्यात सासुरवाडीहून फोन सुरू झाले. एक बाई म्हणाली, भीमाला परत आणा. दुसरी म्हणाली, आणू नका, आणलाच तर कुंतीलाही आणा, तिच्याशी बोलायचंय. सरपंचांनी फोन करून, काय असेल ते लवकर मिटवा, अशी विनंती केली.

शेवटी शनिवारी त्यांनी अकरा पानांखाली पन्नास कोरे कागद लावले, फाइलीला जाडी आणली आणि चोपड्याची एसटी धरली. अकरा पानं सावकाश वाचायची, 'इति समाप्त' म्हणायचं आणि जेवून निघायचं, एवढाच बेत होता. भूमिकाला त्यांनी कोऱ्या कागदांचं सांगितलं नाही.

ओसरी गच्च भरली होती. अंगणात पुरुष उभे. आत गॅसवर दूध, साखर, पत्ती घातलेलं भलंमोठं पातेलं तयार होतं आणि शेजारी कौतिकआबा हातात लायटर घेऊन बसले होते. "कितला अध्याय शेत?" त्यांनी एवढंच विचारलं.

भिकुआक्कांनी फाइल घेतली, पण उघडली नाही. मागचा अध्याय वाचल्याशिवाय पुढचा लावायचा नसतो म्हणून त्यांनी आधी कादंबरी उघडली. हितेंद्रराव चौरंगाशेजारीच बसले होते. आपली भाषा गावात वाचली जातेय या कल्पनेने त्यांना भरून आलं. समोरच्या पानावर त्यांचं ते आवडतं, चौदा ओळींचं वाक्य होतं, 'अस्तित्वाच्या धूसर सीमारेषेवर' असं सुरू होणारं. भिकुआक्कांनी त्यावर बोट ठेवलं आणि वाचलं:

"हिडिंबा बोलनी, सासूबाई, रांधी मी घालू, पोऱ्या मी जनू, आनं नवरा मातर तुमना?"

वीस बायकांनी डोळ्याला पदर लावला. हितेंद्ररावांनी पान पुन्हा पाहिलं. पानावर सासूबाई नव्हत्या. तेवढ्यात आक्कांनी तीन पानं एकदम उलटली.

"आक्का, हे यात कुठं आहे?" ते कुजबुजले.

आक्कांनी नजर वर केली नाही. "पहिला दिन तुमन्या चार ओळी वाचल्यात. तीन जनी झोपी गयात. मंग मी काय करू?"

हितेंद्ररावांच्या जिव्हारी लागलं. उठावं आणि सगळ्यांना सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण समोर वीस बायका त्यांच्याकडे अशा मायेने पाहत होत्या, की तसं एकाही समीक्षकाने कधी पाहिलं नव्हतं, आणि लताबाई तर कौतुकाने डोळे पुसत होत्या. त्यांनी फाइल आक्कांच्या आणखी जवळ सरकवली.

आक्कांनी फाइल उघडली. पहिलं पान पाहिलं, बाजूला ठेवलं. दुसरं ठेवलं. अकरावं ठेवलं. मग पहिला कोरा कागद लागला, तशी त्यांची मुद्रा खुलली.

"हाई चांगलं लिखेल शे," त्या म्हणाल्या आणि कोऱ्या कागदावर बोट ठेवून सुरू झाल्या.

बारा वर्षं गेली, सोळा गेली. युद्धाला माणूस कमी पडलं तेव्हा भीमाला मुलाची आठवण झाली. तो अरण्यात आला. दाढी पिकलेली, पोट मात्र तेवढंच. हिडिंबा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही, वाटसरूला वाढावं तसं ताट सरकवलं. भीमाने पहिला घास घेतला आणि त्याला रडू फुटलं. तेवढ्यात दारातला उजेड अडला. घटोत्कच आला होता. त्याने भीमाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, हाऊ कोन शे?"

इथे भिकुआक्कांनी पान उलटलं आणि तांब्या तोंडाला लावला. आबा लायटर विसरले. आक्का घोट घोट करत शांतपणे पाणी पीत राहिल्या.

"मग? काय सांगितलं तिनं?" कुणाला तरी दम निघेना.

सगळ्यांनी वळून पाहिलं. हितेंद्रराव गुडघ्यांवर उठून बसले होते आणि त्यांनी भूमिकाचा दंड गच्च धरला होता.

आक्कांनी तांब्या खाली ठेवला. "जवाईबापू, लिखेल तुमनं शे. माले काय इचारतस?"

हितेंद्रराव खाली बसले. त्यांनी हात जोडले.

"तरी वाचा, आक्का," ते म्हणाले.