“हळू!” म्हणून ओरडणारे अंबादासमामा

आमच्या गल्लीत शांतता राखण्याचं काम एका बहिऱ्या माणसाकडे आहे. नेमणूक कोणी केलेली नाही. अंबादासमामा सकाळी अंघोळ आटोपून काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला घेऊन बाहेर पडतात, समोरच्या आप्पांच्या खिडकीत तो ठेवतात आणि पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहतात. पाण्यावर वलय उठलं, की मामाही उठतात. आवाज जिकडून आला असावा असं त्यांना वाटतं, तिकडे तोंड करून ते गर्जतात, “हळू! लेकरू निजलंय!”

दिशा बहुतेक वेळा चुकते. टेम्पोचा हॉर्न वाजतो आणि शेवया वाळत घालणाऱ्या काकू बोलणी खातात.

मामांनी उभी हयात एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये काढली. लालभडक सळया धडाधड बाहेर पडायच्या त्या यंत्रापाशी. कान तिथेच गेले. पण कठड्यावर तळवा टेकवून कुठलं बेअरिंग बिघडलंय, ते सांगायचे, असं त्यांचे जुने सोबती म्हणतात. “कान गेले, हात कुठं गेला?” हे मामांचं आवडतं वाक्य. कानाचं मशीनही एकदा घेतलं होतं. त्यातून फक्त पंख्याची घरघर ऐकू येते म्हणून ते कपाटात जाऊन बसलं.

आता या लेकराविषयी. आप्पा म्हणजे बियाण्यांचे व्यापारी देविदासराव. त्यांची सून ज्योती सातव्याच महिन्यात बाळंत झाली, तीही एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात धावपळ चालू असताना. मुलगी झाली, एवढीशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. नळ्या, सुया, चोवीस तास चालणारे पिंपिं आवाज. घरी आली तेव्हा दार जरा जोरात लागलं, तरी हात फेकून दचकायची, श्वास धरायची आणि तोंडातलं दूध सोडून द्यायची. वजन वाढेना. डॉक्टरबाईंनी ज्योतीला स्पष्ट सांगितलं होतं, “पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं नाही, तर पुन्हा पेटीत ठेवावं लागेल. घरात शांतता ठेवा, ऊब द्या. कपडे काढून उघड्या छातीशी धरा. तुम्ही थकलात तर घरातल्या दुसऱ्या कोणी धरलं तरी चालेल.”

ज्योती हे अंगणात रडत रडत सासूला सांगत होती. सासूबाईंचं ऐकणंही बेताचंच, त्यामुळे ज्योतीला ओरडून सांगावं लागलं. तेवढं मात्र मामांना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत पेला आला.

मग गल्लीवर नवी राजवट सुरू झाली. कांदे-बटाटे पुकारणाऱ्या टेम्पोचा भोंगा मामांनी कोपऱ्यावरच बंद करायला लावला. तो बिचारा हातात कांदा घेऊन दारोदार मुक्यानं हिंडू लागला. आमच्या कुकरच्या शिट्टीवर बंदी आली. भात दोनदा कच्चा राहिला, तेव्हा आमची ही म्हणाली, “त्यांना म्हणावं, कच्चा भात तुम्हीच या खायला.” मामा आले आणि खरोखर खाऊन गेले. “थोडा चावावा लागतो, पन बिलकुल आवाज न्हाई,” असा अभिप्राय देऊन.

एकदा मी त्यांना हायवेवरच्या टपरीवर गाठलं. तिथे ट्रकांच्या आवाजात ओरडून बोलायला मुभा आहे. म्हटलं, “मामा, आपण सगळे गोंगाटातच वाढलो. आपलं काय बिघडलं?”

“तुमचं बिघडलं का न्हाई, ते वहिनीला इचारा,” मामा म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

या सगळ्यात अडचण एकच होती. पेल्यातलं पाणी सर्वांत जास्त हलायचं ते मामांच्या आवाजानं. हे त्यांना सांगणार कोण? शेवटी ज्योतीच बाहेर आली. तिनं पेला मामांच्या तोंडासमोर धरला आणि खूण केली, ओरडा. मामांनी सवयीनं “हळू!” म्हटलं. थोडं पाणी त्यांच्याच सदऱ्यावर सांडलं. त्या दिवसापासून ते गळ्यावर दोन बोटं ठेवून बोलू लागले. बोटांना फार थरथर लागली, की आवाज उतरवायचे. साठी उलटून गेलेला माणूस कुजबुजायला शिकत होता, तेही स्वतःला ऐकू न येणारं. मला हसू येत होतं आणि हसायचं धाडसही होत नव्हतं.

इकडे आप्पांच्या डोक्यात बारसं शिजत होतं. आप्पांना साधं काही करता येत नाही. त्यांनी घराला रंग दिला, तेव्हाही उद्घाटन ठेवलं होतं. आता तर घरात पहिली नात. ‘लेकीच्या जन्माचं जंगी स्वागत’ असा फ्लेक्स छापून आला. त्यावर आप्पांचा फोटो खिडकीएवढा आणि नातीचा पाळणा सुपारीएवढा. फुलांनी सजवलेली जीप, पुढे डीजे, मागे फेटे बांधलेल्या बायका आणि मधोमध ती दीड मुठीची पोर, असा बेत होता. कार्य इतकं पुरोगामी, की विरोध करणारा मुलींचा वैरी ठरला असता. मी फ्लेक्सकडे बघून मान हलवली आणि घरात गेलो. ज्योती सासऱ्यासमोर बोलू शकत नव्हती. नवऱ्यानं एकदा विषय काढला, तर आप्पा म्हणाले, “लोक काय म्हनतील? पोरगी झाली म्हनून गप बसले?”

मामा मात्र थेट आप्पांच्या बैठकीत गेले. मी मागोमाग गेलो, भांडण झालं तर सोडवायला. भांडण झालंच नाही. मामांनी गळ्यावर बोटं ठेवली आणि म्हणाले, “आप्पा, डॉक्टरबाईंनी सांगितलंय, लेकराला घरातल्या कर्त्या मानसानं छातीला धरायचं.”

‘कर्त्या’ हा शब्द बाईंनी वापरला नव्हता. पण कुठलंही पद रिकामं असलं, की आप्पांना राहवत नाही.

“मी?” आप्पांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

“मंग काय मी? माझ्या घरची हाय का ती?”

आप्पांनी खादीचा कडक सदरा काढला. सोन्याची साखळी काढली. आजवर नुसत्या सत्काराच्या शाली पांघरलेल्या त्या छातीवर ज्योतीनं पोरीला अलगद ठेवलं आणि वरून चादर गुंडाळली. आप्पा आधी अवघडून बसले, फोटोला बसावं तसे. हळूहळू पोट सैल पडलं. पोरगी त्यांच्या श्वासाबरोबर वरखाली होऊ लागली.

“गरम लागून राह्यलीय,” आप्पा हळूच म्हणाले. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात बाहेर गाडी लागली. डीजेवाला आवाजाची चाचणी घ्यायला आला होता. त्यानं एकच ठोका सोडला. खिडक्यांची तावदानं थडथडली.

पोरीचे दोन्ही हात हवेत उडाले. बोटं ताठ. तोंड उघडलेलं, पण रडणंच फुटेना. आप्पांचा चेहरा पांढरा पडला. तिचं काळीज आपल्या बरगड्यांवर कसं आपटत होतं, ते त्यांनी पुढे आठवडाभर जो भेटेल त्याला सांगितलं. अखेर तिनं हुंदका दिला आणि श्वास घेतला. तोवर आप्पांनीही घेतला नव्हता.

“बंद कर रे ते!” आप्पा कुजबुजले. मोठ्यानं ओरडायची आता त्यांनाही सोय नव्हती. “कोनी सांगितलं तुला?”

दारातून डोकावून डीजेवाला म्हणाला, “तुमीच की, आप्पा.”

“मंग आता मीच सांगून राह्यलोय. जा. जल्दी!”

जीप रद्द झाली. फ्लेक्स उलटा करून लाकडांवर झाकायला गेला.

त्या संध्याकाळी मी मामांबरोबर टपरीवर होतो. विजयी माणूस दोन कप चहा घेईल असं वाटलं होतं. मामांनी एकही घेतला नाही.

“माझा संजू मिलच्या चाळीत झाला,” ते म्हणाले. “भिंतीपल्याड रात्रंदिवस लोखंड आदळायचं. मिल बंद पडती का काय म्हनून त्याची माय पोटुशी असतानाच धास्तावलेली. लेकरू उचललं, की अंग लाकडावानी ताठ करायचं. शाळंत मास्तरनं छडी आपटली, की याची चड्डी वली. समदे म्हनायचे, भित्रं हाय. भित्रं न्हवतं हो. त्याला निवांत कोनी धरलंच न्हाई.”

“आता कुठं असतो?” मी ओरडून विचारलं.

“पुन्याला. वॉचमन हाय, रातपाळीचा. म्हनतो, राती बरं वाटतं. कोनी बोलत न्हाई.” मग म्हणाले, “डॉक्टरबाईला इचारलं मी. म्हनल्या, छातीशी धरलं, की असलं भ्या बरंचसं निघून जातं. आम्हाला त्या टायमाला कोनी सांगितलंच न्हाई.”

मी पुस्तकं वाचणारा माणूस. माणसाचं सगळं आयुष्य पहिल्या काही महिन्यांत ठरतं, यावर माझा विश्वास नाही. पण त्या वेळी मला वाद घालावासा वाटला नाही.

पुढच्या तपासणीत पोरीचं वजन वाढलेलं निघालं. ज्योतीनं दवाखान्यातून येता येता गल्लीच्या तोंडापासूनच मामांना हातानं खूण केली. वर, वर, वर.

बारसं घरातल्या घरात झालं. बायकांनी पाळणा इतक्या हळू म्हटला, की त्यांच्या बांगड्याच जास्त वाजल्या. मामा उंबऱ्याशी बसले होते. सगळे हसले, की तेही हसत, जरा उशिरा. आत्यानं पोरीच्या कानात नाव सांगितलं. मग ते खोलीभर तोंडातोंडी फिरलं, हलक्या आवाजात. पोरगी आप्पांच्या छातीवर झोपून गेली.

मामा माझ्याकडे वाकले. “ठेवलं का नाव?”

मी मानेनं होकार दिला.

“काय ठेवलं?”

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि छातीभर श्वास घेतला. मामांनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. मी मोबाइल काढला, त्यावर लिहून दाखवावं म्हणून. तोही त्यांनी खाली सारला.

“नगं. नाव वाचायचं नसतं, ऐकायचं असतं,” ते म्हणाले. “व्हईल मोठी. तीच येऊन सांगल. तिला वरडू द्या माझ्या कानात, लागल तेवढं.”